नाशवंत अन्नाची घरगुती शीतसाठवण

नाशवंत अन्नाची घरगुती शीतसाठवण म्हणजे मासळी, मांस, दूध, शिजवलेले अन्न, चिरलेली फळे व भाज्या यांसारखे लवकर खराब होणारे पदार्थ घरातील प्रशीतकात (फ्रीजमध्ये) थंड अथवा गोठलेल्या स्थितीत ठेवून सुरक्षितपणे वापरण्याची पद्धत होय. थंड साठवणीसाठी ४° से. किंवा त्याहून कमी आणि गोठवलेल्या साठवणीसाठी −१८° से. किंवा त्याहून कमी तापमान योग्य मानले जाते. थंडीमुळे सूक्ष्मजीवांची वाढ मंदावते किंवा थांबते. मात्र बहुतेक जीवाणू मरत नाहीत, तसेच फ्रीजमध्ये ठेवण्यापूर्वीच अन्नात तयार झालेली विषद्रव्ये नाहीशी होत नाहीत. त्यामुळे पदार्थाची सुरक्षितता केवळ फ्रीजवर नव्हे, तर खरेदीपासून ताटात येईपर्यंत तो एकूण किती वेळ उबदार राहिला यावर अवलंबून असते.

स्थानिक पार्श्वभूमी

वसई खाडीच्या दक्षिण तीरावरील घोडबंदर आणि ते ज्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या क्षेत्रात येते तो परिसर या विषयाचे ठळक उदाहरण आहे. महापालिका क्षेत्राच्या पश्चिमेस उत्तन, चौक, पाली, डोंगरी ही समुद्रकाठची गावे असून उत्तन हे मासेमारीचे जुने केंद्र आहे. येथील बोंबील, पापलेट, कोळंबी, बांगडा इत्यादी मासळी परिसरातील बाजारांत येते. दुसरीकडे, घोडबंदर मार्ग ठाणे शहरास मुंबई-अहमदाबाद महामार्गाशी जोडतो आणि त्यावर वाहतुकीची कोंडी नेहमीची आहे. सकाळी घेतलेली मासळी किंवा दुकानातून घेतलेले गोठवलेले पदार्थ अशा कोंडीत तास-दीड तास अडकल्यास घरच्या फ्रीजपर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्यांचा सुरक्षित कालावधी बराचसा संपलेला असतो.

किनारपट्टीचे हवामान उष्ण व दमट आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ३२° से.च्या वर जाणे सामान्य असल्याने थंड प्रदेशांसाठी सांगितलेले नियम येथे अधिक काटेकोरपणे पाळावे लागतात. शिवाय महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. त्या काळात ताज्या मासळीची आवक घटते आणि सुकवलेल्या तसेच गोठवलेल्या मासळीचा वापर वाढतो. याच महिन्यांत पावसामुळे वीजपुरवठा खंडित होण्याची शक्यताही अधिक असते.

इतिहास

फ्रीज येण्यापूर्वी मासळी टिकवण्याचा मुख्य उपाय म्हणजे मीठ लावणे व उन्हात सुकवणे. उत्तन व वसईच्या किनाऱ्यावर बोंबील दोऱ्यांवर टांगून वाळवण्याची पद्धत आजही दिसते. घरोघरी दूधदुभते शिंकाळ्यावर किंवा जाळीच्या कपाटात ठेवले जाई, पाणी माठात गार केले जाई आणि शिजवलेले अन्न शक्यतो त्याच दिवशी संपवले जाई.

एकोणिसाव्या शतकात भारतात साठवणीचा बर्फ अमेरिकेतून येऊ लागला. बॉस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांनी पाठवलेला गोठलेल्या तळ्यांमधील बर्फ १८३३ साली जहाजाने कोलकात्यास पोहोचला. पुढे मुंबई व चेन्नई येथेही असा बर्फ येऊ लागला व त्यासाठी बर्फघरे बांधण्यात आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्राने बर्फ तयार होऊ लागल्यावर ही आयात बंद पडली. विसाव्या शतकात किनाऱ्यावर बर्फाचे कारखाने उभे राहिले आणि मासळी बर्फात घालून दूरवर पाठवणे शक्य झाले. भारतात घरगुती फ्रीजचे उत्पादन १९५८ साली गोदरेज कंपनीने सुरू केले. त्यानंतर अनेक दशके फ्रीज ही मोजक्या घरांतील वस्तू होती. त्यामुळे बहुसंख्य कुटुंबांत स्वयंपाकाच्या परंपरागत सवयी फ्रीजपूर्व काळात घडलेल्या आहेत.

शास्त्रीय आधार

तापमान व जीवाणूंची वाढ

अन्नातील रोगकारक जीवाणू साधारणपणे ५° से. ते ६०° से. या पट्ट्यात वेगाने वाढतात. या पट्ट्यास धोक्याचा पट्टा म्हणतात. अनुकूल तापमानात काही जीवाणूंची संख्या दर २० मिनिटांनी दुप्पट होते. या गतीने एका जीवाणूपासून ७ तासांत २१ वेळा दुप्पट होऊन सुमारे २१ लाख जीवाणू तयार होऊ शकतात. म्हणून नाशवंत अन्न सामान्य तापमानास २ तासांपेक्षा अधिक, आणि हवा ३२° से.हून उष्ण असल्यास १ तासापेक्षा अधिक ठेवू नये, असा नियम आहे. हा कालावधी एकूण धरायचा असतो. बाजार ते घर, ओट्यावर काढून ठेवलेला वेळ आणि जेवणाच्या पंक्तीचा वेळ यांची बेरीज करावी लागते. मधे फ्रीजमध्ये ठेवल्याने मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही.

नासणे आणि विषबाधा

अन्न नासवणारे जीवाणू आणि माणसास आजारी पाडणारे जीवाणू बहुधा वेगवेगळे असतात. पहिल्या प्रकारामुळे वास, चिकटपणा, आंबूसपणा किंवा रंगबदल जाणवतो. दुसऱ्या प्रकारातील साल्मोनेला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस इत्यादी जीवाणूंमुळे पदार्थाचा वास वा चव बदलेलच असे नाही. त्यामुळे घाण वास येणारे अन्न टाकून देणे योग्य असले, तरी वास न येणारे अन्न सुरक्षितच आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

लिस्टेरिया हा जीवाणू फ्रीजच्या तापमानातही सावकाश वाढू शकतो. गर्भवती स्त्रियांमध्ये त्याच्या संसर्गामुळे गर्भपात किंवा नवजात बालकास गंभीर आजार होण्याचा धोका असतो. त्यामुळे थंड साठवणीसही मुदत घालून घ्यावी लागते.

उकळूनही न जाणारी विषद्रव्ये

काही विषद्रव्ये शिजवल्याने नष्ट होत नाहीत. बांगडा, तारली, कुपा (टूना) यांसारख्या माशांच्या स्नायूंत हिस्टिडीन हे अमिनो आम्ल विपुल असते. मासा उबदार राहिल्यास जीवाणू त्यापासून हिस्टामिन तयार करतात. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोन-तीन तासांत चेहरा लाल होणे, अंगावर पुरळ उठणे, डोकेदुखी, धडधड, तोंडात जळजळ अशी लक्षणे दिसतात. अनेकदा हा त्रास माशाची ॲलर्जी समजला जातो. हिस्टामिन तळल्याने, उकळल्याने अथवा गोठवल्याने जात नाही. मासा पकडल्यापासून सतत थंड ठेवणे हाच त्यावरील उपाय आहे.

शिजवलेल्या भातात बॅसिलस सिरियस या जीवाणूचे बीजाणू जिवंत राहतात. भात रात्रभर बाहेर राहिल्यास ते अंकुरून उष्णतेस दाद न देणारे विषद्रव्य तयार करू शकतात. असा भात सकाळी फोडणीस टाकला तरी तो सुरक्षित होत नाही.

फ्रीजची रचना व तापमान

फ्रीजमधील आकडे लिहिलेली कळ अंशांत तापमान दाखवत नाही. बहुतेक फ्रीजमध्ये मोठा आकडा म्हणजे अधिक थंडावा असतो. प्रत्यक्ष तापमान पाहण्यासाठी मधल्या फळीवर पाण्याचा पेला ठेवून त्यात फ्रीजसाठीचा तापमापक रात्रभर बुडवून ठेवावा व सकाळी दार उघडताच आकडा वाचावा. तो ४° से.च्या वर असल्यास कळ पुढे सरकवावी.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या पट्टीवरील तारे विजेच्या बचतीचे निदर्शक आहेत. फ्रीझर किती थंड होतो हे त्यांवरून कळत नाही. अनेक एकदारी फ्रीजमधील बर्फाचा कप्पा −१८° से.पर्यंत पोहोचत नाही किंवा दार वारंवार उघडल्याने तेथे टिकत नाही. अशा कप्प्यात बर्फ जमतो, म्हणून तो महिनोन्महिन्यांच्या साठवणीस योग्य आहे असे समजू नये. त्यात ठेवलेले पदार्थ काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत संपवणे इष्ट असते.

फ्रीज गच्च भरल्यास थंड हवा खेळत नाही. दाराचे कप्पे सर्वांत उबदार असतात. तेथे दूध व अंड्यांऐवजी लोणची, सॉस, पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात. कच्ची मासळी व मांस झाकणाच्या डब्यात सर्वांत खाली ठेवावे, जेणेकरून त्यांचे पाणी इतर अन्नावर ठिबकणार नाही. एकदारी फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालील तबक अधिक थंड असते. मासळी तेथे ठेवायची असल्यास डबा घट्ट झाकणाचा असावा.

खरेदी ते घर

मासळी, मांस, दूध व गोठवलेले पदार्थ खरेदीच्या शेवटी घ्यावेत आणि थेट घरी न्यावेत. ताज्या माशाचे डोळे फुगीर व चकचकीत, कल्ले लाल आणि मांस घट्ट असते. बोटाने दाबल्यास खळगा राहत नाही. तिसऱ्या व कालवे जिवंत, म्हणजे शिंपले घट्ट मिटलेली असावीत आणि ती त्याच दिवशी वापरावीत.

वितळणाऱ्या बर्फाचे तापमान ०° से. असते आणि एक किलोग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो. या तापमानास मासळी ५° से.च्या तुलनेत सुमारे दुप्पट काळ टिकते. त्यामुळे मासळीइतक्याच वजनाचा बर्फ घालून ती थर्माकोलच्या पेटीत अथवा जाड पिशवीत नेणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. उत्तन किंवा भाईंदरहून घोडबंदर मार्गाने ठाण्याच्या दिशेने जाणाऱ्यांनी कोंडीचा वेळ गृहीत धरूनच बर्फ घ्यावा. घरी येताच मासळी साफ करून, आतडी व कल्ले काढून, धुऊन, पाणी निथळवून फ्रीजमध्ये ठेवावी. मासळी चिरलेली विळी, पाट व हात साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबीर अथवा इतर तयार अन्न हाताळू नये.

गोठवणे

गोठवताना अन्नातील पाण्याचे स्फटिक बनतात. पदार्थ सावकाश गोठल्यास मोठे स्फटिक तयार होऊन पेशी फाटतात आणि वितळल्यावर रस गळून पदार्थ चोथट होतो. शीघ्र गोठवणीचे महत्त्व ओळखून अमेरिकेतील क्लॅरेन्स बर्ड्सआय यांनी १९२० च्या दशकात या उद्योगाचा पाया घातला. घरी हाच परिणाम काही अंशी साधण्यासाठी पदार्थाचे पातळ, सपाट, एका वेळेपुरते भाग करावेत, ते आधी फ्रीजमध्ये गार करावेत आणि फ्रीझरमध्ये एकमेकांपासून सुटे ठेवावेत. एकाच वेळी फार माल गोठवण्यास ठेवू नये.

पिशवीतील हवा काढून ती घट्ट बंद करावी. उघड्या पृष्ठभागावरील बर्फाची थेट वाफ होऊन पांढरट, कोरडे चट्टे पडतात. असा भाग बेचव होतो, मात्र केवळ त्यामुळे धोकादायक ठरत नाही. प्रत्येक पिशवीवर पदार्थाचे नाव व तारीख लिहावी आणि जुना माल आधी वापरावा.

सर्व मासे सारखे गोठत नाहीत. बांगडा, तारली या तेलकट माशांतील चरबी गोठलेल्या स्थितीतही हळूहळू खवट होते. ओल्या बोंबलात पाण्याचे प्रमाण फार मोठे असल्याने तो वितळल्यावर गळून जातो. म्हणून तो ताजाच खाण्याची किंवा सुकवण्याची रीत आहे. हिरवे मटार दीड ते दोन मिनिटे उकळत्या पाण्यात घालून लगेच थंड पाण्यात काढल्यास त्यांतील विकरे निष्क्रिय होतात व रंग टिकतो. खवलेला नारळ, आमरस लहान डब्यांतून गोठवल्यास एका वेळेपुरता बाहेर काढता येतो.

वितळवणे

गोठलेला पदार्थ रात्री ओट्यावर काढून ठेवण्याची सवय धोकादायक आहे. आतील भाग गोठलेला असतानाच बाहेरचा थर तासन्‌तास धोक्याच्या पट्ट्यात राहतो. सुरक्षित पद्धती तीन आहेत:

१. फ्रीजमध्ये वितळवणे. पदार्थ ताटलीत किंवा डब्यात ठेवून आदल्या दिवशीच खालच्या फळीवर हलवावा.
२. थंड पाण्यात वितळवणे. पाणी न शिरणाऱ्या पिशवीत पदार्थ ठेवून ती थंड पाण्यात बुडवावी व दर ३० मिनिटांनी पाणी बदलावे. वितळताच पदार्थ शिजवावा.
३. मायक्रोवेव्हमध्ये वितळवणे. यात काही भाग गरम होऊ लागतो, म्हणून पदार्थ लगेच शिजवणे आवश्यक आहे.

निर्वात वेष्टनातील मासळी वितळवण्यापूर्वी वेष्टन कापून काढावे. हवेविना वाढणारा क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जीवाणू मासळीत असल्यास बंद वेष्टनात विषनिर्मिती करू शकतो. फ्रीजमध्ये वितळलेला आणि बर्फासारखा थंड असलेला पदार्थ पुन्हा गोठवता येतो, पण त्याची प्रत खालावते. पाण्यात अथवा मायक्रोवेव्हमध्ये वितळलेला पदार्थ शिजवल्याशिवाय पुन्हा गोठवू नये.

शिजवलेले अन्न

गरम पातेले फ्रीजमध्ये ठेवू नये म्हणून ते रात्रभर बाहेर राहू देणे चुकीचे आहे. कालवण, वरण, भात उथळ भांड्यांत पसरून किंवा पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववावे आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे. पुन्हा गरम करताना अन्नाच्या मध्यभागी किमान ७०° से. तापमान यावे, रसदार पदार्थास चांगली उकळी आणावी. संपूर्ण पातेले दरवेळी गरम करून पुन्हा थंड करण्याऐवजी लागेल तेवढाच भाग काढावा. पिशवीतील दूध पाश्चरीकरण केलेले असले तरी निर्जंतुक नसते. ते तापवल्यावरही निववून फ्रीजमध्येच ठेवावे लागते.

साठवणीच्या मुदती

पुढील मुदती ४° से. व −१८° से. ही तापमाने सतत टिकणाऱ्या फ्रीजसाठी आहेत. फ्रीझरमधील मुदत ही गुणवत्तेची मुदत आहे.

| पदार्थ | फ्रीजमध्ये | फ्रीझरमध्ये |
|---|---|---|
| ताजी मासळी (कमी चरबीची) | १–२ दिवस | ६–८ महिने |
| तेलकट मासळी | १–२ दिवस | २–३ महिने |
| कोळंबी | १–२ दिवस | ३–६ महिने |
| कोंबडीचे तुकडे | १–२ दिवस | ९ महिने |
| मटणाचे तुकडे | ३–५ दिवस | ४–१२ महिने |
| खिमा | १–२ दिवस | ३–४ महिने |
| शिजवलेले कालवण, मांस | ३–४ दिवस | २–६ महिने |
| शिजवलेला भात | १ दिवस | शक्यतो गोठवू नये |
| कवचासह अंडी | ३–५ आठवडे | गोठवू नयेत |

वीजपुरवठा खंडित झाल्यास

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबई व परिसरातील अनेक भाग दीर्घकाळ अंधारात होते, तर १२ ऑक्टोबर २०२० रोजी पारेषण यंत्रणेतील बिघाडामुळे मुंबई, ठाणे व नवी मुंबईतील वीजपुरवठा एकाच वेळी खंडित झाला. अशा वेळी दार बंद ठेवणे हा पहिला उपाय आहे. दार न उघडल्यास फ्रीजमधील अन्न सुमारे ४ तास सुरक्षित राहते. स्वतंत्र दाराचा, पूर्ण भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडावा टिकवतो. एकदारी फ्रीजमधील लहान कप्प्यास हे आकडे लागू होत नाहीत. पावसाळ्यात फ्रीझरमधील रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्यास थंडावा अधिक काळ टिकतो.

वीज आल्यावर ज्या पदार्थात बर्फाचे कण शिल्लक आहेत किंवा ज्याचे तापमान ४° से.च्या आत आहे तो पुन्हा गोठवता येतो. मासळी, मांस, दूध, शिजवलेले अन्न ४° से.च्या वर दोन तासांहून अधिक राहिले असल्यास टाकून द्यावे. गणपतीसाठी अथवा मे महिन्यात गावी जाताना फ्रीझरमध्ये गोठलेल्या पाण्याच्या पेल्यावर एक नाणे ठेवण्याची युक्ती उपयोगी पडते. परतल्यावर नाणे तळाशी गेलेले आढळल्यास बर्फ मधल्या काळात वितळून पुन्हा गोठला होता, असे समजते.

वेष्टनावरील माहिती व नियमन

भारतात अन्नसुरक्षेचे नियमन अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार होते. त्याअंतर्गत भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण नियम ठरवते आणि महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन त्यांची अंमलबजावणी करते. गोठवलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर साठवणीचे तापमान दिलेले असते. वापराची अंतिम तारीख उलटलेला पदार्थ खाऊ नये. छापील तारीख न उघडलेल्या व सांगितलेल्या तापमानात ठेवलेल्या पाकिटास लागू होते. पाकीट उघडल्यावर किंवा वितळल्यावर ती गैरलागू ठरते. दुकानातील पाकिटावर जाड हिमाचा थर किंवा आतील मटार-कोळंबीचा एकसंध गोळा दिसल्यास माल मधे वितळून पुन्हा गोठला असण्याची शक्यता असते.

विशेष काळजी

गर्भवती स्त्रिया, पाच वर्षांखालील मुले, वृद्ध आणि मधुमेह, कर्करोग इत्यादींमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेल्या व्यक्तींना अन्नजन्य आजार अधिक तीव्र स्वरूपात होतात. त्यांना शिळे अन्न देताना ते वाफाळेपर्यंत गरम केलेले असावे आणि ज्या पदार्थाच्या साठवणीबद्दल शंका आहे तो देऊ नये. उलट्या-जुलाब झाल्यास जलसंजीवनी देणे सुरू करावे. रक्तमिश्रित जुलाब, तीव्र ताप, श्वास घेण्यास त्रास, धूसर किंवा दुहेरी दिसणे अशी लक्षणे आढळल्यास त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी.

अन्न टाकणे अनेक घरांत अनुचित मानले जाते आणि महागड्या मासळीबाबत तर हा निर्णय अधिकच कठीण होतो. मात्र संशयित पदार्थ थोडासा चाखून पाहणे ही परीक्षा नव्हे, कारण काही विषद्रव्ये अत्यल्प मात्रेतही अपाय करतात. नासाडी टाळण्याचा खरा उपाय त्याआधीच्या टप्प्यांवर आहे. बेताने खरेदी करणे, वाटेत बर्फ घालणे, एका वेळेपुरते भाग करणे आणि तारीख लिहिणे, हे ते टप्पे होत.

हे सुद्धा पहा

प्रशीतन
पाश्चरीकरण
अन्नविषबाधा
घोडबंदर
उत्तन